युराय आणि देवीची टोपली

जठारपेठेच्या चौकात झेंडू आला. रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या पसरल्या गेल्या, त्यांवर पिवळे-केशरी ढीग पडले आणि माझं डोकं दुखायला लागलं. अकोल्यात राहून इतकी वर्षं झाली, कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्तही झाले, पण नवरात्राच्या तोंडावर हा वास नाकात गेला की मी थेट अमरावतीजवळच्या वलगावला, माहेरी जाऊन पडते. लोकांना झेंडूचा वास मंगल वगैरे वाटतो. ज्यांनी तो तोडला आहे त्यांना विचारा. तो कडू असतो, बोटांना चिकटतो, नखांत काळाहिरवा होऊन बसतो, आणि साबणाने जात नाही.

आम्ही फुलमाळी. पेढी नावाच्या नदीकाठी बाबांची थोडी जमीन, तीत बिजलीची फुलं, शेवंती आणि दसऱ्यासाठी झेंडू. दव वाळल्याशिवाय तोडा करायचा नाही हा आमच्या घरचा कायदा, कारण ओलं फूल पोत्यात गेलं की संध्याकाळपर्यंत काळं पडतं. आई ऊन चढायची वाट बघत बांधावर बसायची आणि आम्हाला उगाच फुलांत शिरू द्यायची नाही. दुपारी घरात सगळीकडे पिवळं व्हायचं. ताटात पाकळी, अंथरुणात पाकळी, माझ्या वेणीत तर असायचीच. कॉलेजात मुली म्हणायच्या, ही आली की देऊळ उघडल्यासारखं वाटतं. मी चिडायचे. आता त्या चिडण्याचं हसू येतं.

या वर्षी डोकं जरा जास्तच दुखलं, कारण त्याच आठवड्यात अमरावतीहून फोन आला. आमचे कॉलेजातले सर गेले त्याला आता काही महिने झाले आहेत. त्यांच्या आठवणीसाठी घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सभा ठेवली होती आणि तीत मी बोलावं अशी मंडळींची इच्छा होती. विषयही त्यांनीच ठरवला होता. सर आणि त्यांचा युराय. "मॅडम, तुमच्याइतकं त्यावर दुसरं कोण बोलणार?" फोनवरचा मुलगा अदबीने म्हणाला. मी कळवते म्हटलं आणि फोन ठेवून चहा केला. तो निवून गेला.

युराय कोण, हे आज अमरावतीत कोणाला ठाऊक असेल? तो स्लोव्हाक कवी होता. एका डोंगरी गावातल्या लाकूडतोड्याचा मुलगा, कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता. सर तरुणपणी पक्षाच्या ओळखीने त्या देशात काही महिने राहून आले होते, भाषा शिकले होते, युरायच्या अंगणात बसून त्याच्या झाडाचे आलुबुखारे खाल्ले होते. परत आले ते त्याला बरोबर घेऊनच. सर आम्हाला राज्यशास्त्र शिकवत, पण तास कुठूनही सुरू झाला तरी युरायच्या गावाला जाऊन थांबायचा. आम्ही मुलं मागून त्याला युरायभाऊ म्हणायचो. परीक्षेत तो कधी आला नाही, एवढीच आमची तक्रार.

मला मात्र तो आवडायचा. त्याची आई डोंगरउतारावर गवत कापायची, पदरासारख्या पुढच्या कापडात फळं गोळा करायची, आणि शहरातून आलेल्या पाहुण्यांपुढे ठेवून स्वतः दारामागे उभी राहायची. त्यावर त्याची कविता होती. सरांनी ती मराठीत आणली तेव्हा मला वाटलं, ही माझ्या आईची आहे. असं वाटायला एकोणीस-वीस वर्षांचं वय लागतं, आणि समोर सरांसारखा माणूस लागतो. हातमागाचा सदरा, खिशाला शाईचा डाग, आवाज असा की खिडकीबाहेरचा शिपाईही थांबून ऐकायचा.

सर युरायचं आयुष्य सांगत ते असं. गावची शाळा, मग शहर, उपाशीपोटी केलेलं शिक्षण. तिथे त्याला त्याच्याच गावचा शाळासोबती भेटला, तोही कवी. दोघांनी मिळून एक मासिक काढलं, दोघं मिळून पक्षात गेले, एकच ओव्हरकोट आळीपाळीने घालून सभांना गेले. मग युद्ध, जर्मन फौजा, डोंगरातलं बंड. बर्फात दोघं एका गवताच्या गंजीत दडून राहिले. आणि शेवटी लढाई संपते, युराय डोंगर उतरून गावात येतो, आई दारामागून पुढे येते आणि सगळ्यांच्या देखत त्याच्याबरोबर एका ताटात जेवते. इथे सर थांबत. चष्मा काढून पुसत. मग वर्गात कोणी काही विचारायचं नाही, असा न सांगितलेला नियम होता.

मी कॉलेजात असतानाच एका पावसाळ्यात सर वलगावला येऊ लागले. मीच बोलावलं होतं. अमरावतीच्या फुलबाजारात तेव्हा रुमालाखालचा सौदा चालायचा. अडत्या आणि गिऱ्हाईक एका रुमालाखाली हात घालत, बोटं दाबून भाव ठरवत, आणि ज्याचं फूल तो माळी समोर उभा राहून नुसता रुमाल हलताना बघत राही. माझा मोठा भाऊ वसंतदादा याच्यावर फार दिवसांपासून कुरकुरत होता. त्याची मागणी साधी होती. रुमाल काढा, बोली मोठ्याने लावा. सरांना हे भयंकर आवडलं. त्यांनी माळ्यांची संघटना उभी केली, आणि आमच्या ओसरीत तिच्या बैठकी होऊ लागल्या.

बाबा तर सरांवर जीवच टाकत. अमरावतीतल्या जुन्या पुजारी घराण्यातला माणूस आमच्या घरी जमिनीवर मांडी घालून भाकरी-ठेचा खातो, वर आईला "वहिनी, अजून अर्धी" म्हणतो, हे त्यांना खरंच वाटत नसे. सर जेवता जेवता युरायचं सांगत. बाबा मन लावून ऐकत आणि मध्येच विचारत, "सर, तेथी झेंडू होते काय?"

"झेंडू नाही. आलुबुखारे होतात."

"मंग त्याचा भाव कोण ठरवते?"

सर खो खो हसायचे. मग आम्हीही हसायचो. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

ठरलं ते असं, की घट बसल्यापासून एकही फूल अमरावतीच्या बाजारात न्यायचं नाही. दसऱ्याला फुलाशिवाय शहराचं पान हलत नाही, अडते आपोआप वाकतील. दादा म्हणाला, "सर, ते बाहेरून ट्रक आणतीन. आपून रस्त्यावर बसून सोताच विकू." सरांना ते पटलं नाही. सगळे एकजुटीने थांबले पाहिजेत, ज्याने त्याने दुकान मांडलं तर लढा राहत नाही, असं ते म्हणाले. दादाने मान डोलावली. तोही सरांचाच होता. युरायची ती आईची कविता त्याला माझ्यापेक्षा चांगली पाठ होती, आणि तो ती तोडा करताना म्हणायचा.

आता टोपलीचं सांगते. दसऱ्याच्या झेंडूचा पहिला तोडा आम्ही विकत नाही. गावातली बाकीची घरं आपली टोपली गावच्या देवळात देतात. आमच्या आजोबांनी मात्र कधीतरी नवस बोलून आमची टोपली जुन्या अमरावतीतल्या एका लहानशा देवीला लावून दिली होती. आंघोळ करून तोडायचं, फूल हुंगायचं नाही, आणि पुजाऱ्याच्या हातात जाईपर्यंत टोपली जमिनीला टेकू द्यायची नाही. म्हणून दोघं जातात, एकाची मान दुखली की दुसरा घेतो. आणि ती देवी होती सरांच्या घरची. देवळाला लागूनच त्यांचं घर, पूजा त्यांच्या थोरल्या भावाकडे. सर स्वतः देवळात जात नसत, पण देवळाकडे जायची वाट त्यांच्या ओसरीतूनच होती.

त्या वर्षी घटस्थापनेला दादा आणि मी टोपली घेऊन बसने गेलो. सर ओसरीत आरामखुर्चीवर पेपर वाचत होते. वाट अरुंद, टोपली मोठी. त्यांनी पाय वर घेतले. आम्ही त्यांच्या पुढून गेलो. दादा थांबून म्हणाला, "सर, हे तेवढं देवीचं आहे." सर हसले. "अरे, देवीशी आपलं काही भांडण नाही, वसंता. जा जा." मग ते पुन्हा पेपरात गेले. थोरल्या भावांनी टोपली घेतली, आम्हाला प्रसाद दिला, सरांच्या आईने मला कुंकू लावलं. परतताना सर म्हणाले, चहा घेऊन जा. आम्ही घेतलाही.

पुढे दादा म्हणाला तेच झालं. बाहेरून ट्रक आले. बाजार फुलला, दसरा झाला, शहराच्या दारादारावर तोरणं लागली आणि आमचा झेंडू झाडावरच राहिला. त्यात परतीचा पाऊस. फुलं भिजून खाली वाकली, शेतातून कुजका गोडसर वास यायला लागला. त्या वासाला मी आजही घाबरते.

मग सभा झाली. शाळेच्या पटांगणात, चारच्या उन्हात. पक्षाचे दोन मोठे लोक बाहेरगावाहून आले होते आणि लढा का फसला याचं उत्तर त्यांना हवं होतं. ट्रकचं कोणी बोललंच नाही. सर उठले आणि म्हणाले, एकजूट पहिल्याच दिवशी फुटली होती. घटस्थापनेला वलगावातून फूल शहरात गेलं. नेणाऱ्याचं नाव त्यांनी घेतलं. वसंता.

दादा उभा राहिला. त्याला आधी राग आलाच नाही, त्याला वाटलं सरांची काहीतरी गडबड होते आहे. "सर, ते देवीचं टोपलं होतं. तुमच्याच घरी दिलं ना मी." लोकांनी त्याला टोपली घेऊन बसमध्ये चढताना पाहिलं होतं. ती देवीकडे गेली की अडत्याकडे, हे आम्हा दोघांशिवाय सांगू शकेल असा एकच माणूस तिथे होता. कोणीतरी म्हाताऱ्याने सरळ विचारलंच, "सर, आलं होतं काय तुमच्या घरी?"

सर म्हणाले, "घरातल्या देवधर्माशी माझा काहीही संबंध नाही. मी काही पाहिलेलं नाही."

मी बायकांच्या बाजूला होते. उठले आणि ओरडले, मी होते बरोबर, सरांनी पाय वर घेतले होते, आम्ही चहा घेतला होता. माझा आवाज पुढच्या दोन ओळींपलीकडे गेला नाही. मागे गलका झाला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, वर्गात पाहायचे तसंच, मायेने. "बस खाली. भावाबद्दल वाटणं स्वाभाविक आहे." मी उभीच राहिले, पण सभा पुढे गेली.

त्यानंतर दादाला संघटनेतून काढलं. टेम्पोत त्याची पोती कोणी घेईना. पोरांनी त्याला नाव ठेवलं, रुमाल. अडत्याच्या रुमालाखाली ज्याने हात घातला तो. ज्याने रुमाल काढा म्हणून सगळ्यांना उठवलं, त्याचंच हे नाव, आणि ते गावात अजून आहे. वसंता रुमाल कुठे राहतो, असं विचारलं तर लहान पोरही घर दाखवतं. सगळ्यात वाईट झालं ते घरात. मी बाबांना शंभरदा सांगितलं. ते ऐकून घेत, देवळात जाऊन विचारा म्हटलं तरी जात नसत, आणि एकच म्हणत, "सर खोटं काहून बोलतीन?" मुलाशी ते बोलत, त्याच्याबरोबर शेतात जात, पण डोळ्याला डोळा देत नसत. असेच गेले ते. मला सरांचा राग येतो तो सगळ्यात जास्त यासाठी येतो. त्यांनी आमचा बाप आमच्यापासून काढून घेतला, आणि तोही आमच्याच ओसरीत भाकरी खाऊन.

युराय मी त्या सभेच्या दिवशीच टाकून दिला. त्याची कविता कुठे आठवली तरी मी मनात दुसरं काहीतरी मोठ्याने म्हणायला लागे, पाढे म्हणत असे. तो पुन्हा आला तो माझ्या लेकीमुळे. रेवा तिच्या कंपनीच्या कामाने युरायच्याच देशात, ब्रातिस्लाव्हा शहरात गेली. एका निवृत्त नर्सबाईंच्या घरात तिने खोली घेतली होती. एकदा फोनवर बोलता बोलता मी सहज म्हटलं, विचार गं तुझ्या घरमालकीणबाईंना, युराय नावाचा कवी माहीत आहे का. चार दिवसांनी तिचा फोन आला. आवाज बदललेला होता.

"आई, त्यांनी आधी कविता म्हणून दाखवली. फळांची, आईची. शाळेत होती त्यांना. मग म्हणाल्या, आमच्या घरी नियम होता, कविता म्हणायची, नाव घ्यायचं नाही."

"का?"

"त्याने मित्राला धरून दिलं म्हणे."

सर जिथे चष्मा पुसायचे, त्याच्या पुढची गोष्ट मला रेवाने सांगितली. पक्षाची सत्ता आली, युराय मोठा झाला, मोटार मिळाली. मग पक्षाला आपल्यातलेच गद्दार हवे झाले. लेखकांच्या सभेत युराय उठला आणि त्याने ओव्हरकोटवाल्या मित्राचं नाव घेतलं. मित्र म्हणाला, डोंगरात आपण एकत्र होतो, तू सांग ना यांना. युराय म्हणाला, मला आठवत नाही. मित्र कित्येक वर्षं तुरुंगात होता. सुटल्यावर गोदामात कामाला लागला. दोघंही एकाच गल्लीतल्या दुकानातून पाव घ्यायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. नर्सबाईंनी लहानपणी ते स्वतः पाहिलं होतं.

मी इतिहास शिकवला आहे. दोन गोष्टी फार जुळायला लागल्या की मी विद्यार्थ्यांना टोकत असे, नीट बघा, जुळवून तर घेत नाही ना? पण त्या रात्री मला झोप आली नाही ती जुळणीमुळे नाही. सर त्या अंगणात बसले होते. भाषा शिकले होते. त्या गल्लीतून येत-जात होते. त्यांना ही गोष्ट शेवटापर्यंत ठाऊक नव्हती, असं मानायला मी कितीही तयार असले तरी जमत नाही. त्यांनी आम्हाला अर्धाच युराय दिला. उरलेला अर्धा स्वतःजवळ ठेवला, आणि वेळ आली तेव्हा वापरला.

तर, सभेला काय बोलायचं हे ठरेना म्हणून मी घटस्थापनेच्या सकाळी मूर्तिजापूरमार्गे अमरावतीची बस धरली आणि वलगावला गेले. दादा आता थकला आहे. त्याचा मुलगा नांदगाव पेठेच्या कापड गिरणीत आहे, त्याला फुलात गोडी नाही. पण टोपली तयार होती. ती एकाही वर्षी चुकलेली नाही. इतकं सगळं झाल्यावरही दादा दरवर्षी त्याच देवीला, त्याच ओसरीतून टोपली घेऊन जातो, हे मला कधी सोसलं नाही. मी एकदा भांडलेही होते. तो म्हणाला होता, "देवीनं काय केलं आपलं?"

बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघं टोपली घेऊन गेलो. ओसरीत ती खुर्ची अजून आहे. त्या वर्षानंतर टोपलीच्या दिवशी सर कधी ओसरीत दिसले नाहीत, असं दादा म्हणाला. पूजा आता सरांच्या पुतण्याकडे आहे, तो चांगला माणूस. त्याने हात पुढे करून टोपली घेतली आणि सहज म्हणाला, "वसंतभाऊ, यंदा काका नाहीत विचारायले."

"काय विचारायले?" दादा म्हणाला.

"दरसाल विचारत ना. घट बसले की पहिलं हेच, वसंताचं टोपलं आलं काय? आलं म्हटल्याबिगर जेवत नोते."

दादाने उपरणं झटकून पुन्हा खांद्यावर टाकलं. "कोठी विचारत?"

"घरातच. ताटावर बसले की."

"बाहेर कोणापाशी?"

पुतण्याला प्रश्नच कळला नाही. "बाहेर काहून विचारतीन?"

"हो," दादा म्हणाला. "ते बी खरं."

याला कोणी पश्चात्ताप म्हणेल. म्हणोत. उद्या सभेतही कोणीतरी डोळे पुसून म्हणेल, बघा, सर किती हळवे होते. मी म्हणणार नाही. इतकी वर्षं दर नवरात्रात त्या माणसाने आठवणीने ती टोपली विचारली, म्हणजे इतकी वर्षं त्याला सगळं आठवत होतं. वलगाव तिथून असं किती लांब आहे? एकदा येऊन आमच्या ओसरीत बाबांना एवढंच सांगायचं होतं, की टोपली आली होती. बाबांनी तेवढ्यावर दादाकडे वर मान करून पाहिलं असतं.

बाहेर येऊन चपला घालताना मी दादाला उरलेला युराय सांगितला. त्याला तो तोपर्यंत ठाऊकच नव्हता, माझ्याने सांगवत नव्हतं. तो पायरीवर बसून ऐकत राहिला. झालं तेव्हा म्हणाला, "त्या दोस्ताच्या वतीनं कोणी बोललं काय, सभेत?"

"नाही."

"कोणीच उठलं नाही?"

"नाही रे."

तो थोडा वेळ बोटांवरचा हिरवा डाग अंगठ्याने घासत बसला. मग म्हणाला, "तू तं उठली होती."

मी त्याला म्हटलं, उद्या मी बोलणार आहे, युराय जिथे सर थांबवायचे तिथे थांबवणार नाही, त्यानंतर ओसरीतले पायही सांगणार आहे. तू ये, पुढे बस. तो म्हणाला, दव वाळलं की तोडा आहे, जमलं तर येतो. बसस्टँडपर्यंत आम्ही रिकाम्या हाताने चालत गेलो. माझी अकोल्याची बस लागली, सकाळी परत यायचंच होतं. मी चढले, खिडकीशी बसले, तेव्हा तो खालून गज धरून म्हणाला,

"शालू, मोठ्यानं बोलजो. त्या वक्ताले मागच्याईले ऐकू गेलं नोतं."